गोरिलापुढे म्हणायचं हं

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या टेकडीवर त्या रविवारी सकाळी सात-आठ मराठी माणसं गोरिलाला भेटायची तालीम करत होती.

गोरिला अर्थातच तिथे नव्हता. तो युगांडाच्या डोंगरात आपला पाला खात बसला होता आणि त्याला या तालमीची काही खबर नव्हती. पण उल्हास कामेरकर आपल्या सहलींच्या बाबतीत फार काटेकोर. आठवडाभर तो चांगी बिझनेस पार्कमध्ये कुठल्याशा बँकेचे सर्व्हर सांभाळायचा आणि वर्षातून एकदा ओळखीपाळखीच्या माणसांना जंगल दाखवायला घेऊन जायचा. यंदा युगांडा. छोटीच सफर होती. एक दिवस गोरिला, बाकीचे दिवस हत्ती, पाणघोडे आणि झाडावर चढून बसणारे सिंह. गोरिलांसाठी डोंगर चढावा लागतो, म्हणून गेले काही रविवार तो सगळ्यांना या टेकडीवर चालवत होता. आज त्याने नियमांचा तास घेतला.

"खोकला, सर्दी, ताप असेल तर गेटवरूनच परत पाठवतात. आपले रोग त्यांना होतात. गोरिलापासून सात मीटर लांब राहायचं. बोट दाखवायचं नाही. फ्लॅश मारायचा नाही. आणि सिल्व्हरबॅक, म्हणजे कळपाचा मोठा नर, पाठीवर चंदेरी केस असलेला, तो जर अंगावर धावून आला, तर काय करायचं?"

"राम म्हणायचं," सगळ्यांत थट्टेखोर दिलीप म्हणाला.

"पळायचं नाही," उल्हास म्हणाला. "काहीही झालं तरी पळायचं नाही. तो बहुतेक वेळा नुसता दम देतो. खाली बसायचं, नजर खाली ठेवायची, डोळ्यांत बघायचं नाही. आणि घशातल्या घशात आवाज काढायचा. हं... हं... असा. म्हणजे त्याला कळतं, तुमचं काही भांडण नाही. चला, करून बघू. गोरिला कोण होतंय?"

हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. रवींद्रराव देवस्थळी हातातली पाण्याची बाटली बायकोकडे देऊन पुढे झालेसुद्धा. बँकेतून निवृत्त झाले तरी सहा फुटांचा बांधा सुटला नव्हता, आणि चंदेरी केस पाठीवर नसले तरी डोक्यावर भरपूर होते. ते झाडामागे गेले, छाती बडवली आणि असा काही आवाज काढून धावत आले की पलीकडे व्यायाम करणाऱ्या दोन चिनी आजीबाई हात वर ठेवूनच थांबल्या. दिलीपची बायको मीनल किंचाळून त्याच्या मागे लपली, दिलीप तिच्या मागे लपायला बघत होता. बाकीचे हसत सुटले आणि जमेल तिकडे पळाले.

रवींद्ररावांची बायको नंदा पळाली नाही. तिच्या गुडघ्यांनी आपलं आपण ठरवलं. ती होती तिथेच खाली बसली, बाटली मांडीवर घेतली, मान खाली घातली आणि म्हणाली, "हं... हं..."

आणि रवींद्रराव थांबले. खरंच थांबले. दोन पावलं अलीकडेच त्यांचा आवाज उतरला, हात खाली आले, आणि ते वळून केस सारखे करायला लागले.

"वा, नंदाताई! शंभरपैकी शंभर!" उल्हासने टाळ्या वाजवल्या. "सगळ्यांनी यांच्याकडून शिका. घरी सराव केलात की काय?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने रवींद्रराव. नंदाही हसली, कारण सगळे हसत असताना न हसणं तिला कधी जमलं नव्हतं. फक्त श्रिया, त्यांची मुलगी, जी सफरीला येणार नव्हती आणि नुसती चालायला आली होती, ती आईकडे बघत राहिली.

बसस्टॉपपर्यंत माय-लेकी मागे पडल्या, तेव्हा श्रिया आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू नो ऑर नॉट?"

"काय?"

"घरी तू हेच करतेस. एक्झॅक्टली सेम. बाबा मोठ्याने बोलायला लागले की यू सिट डाउन, खाली बघतेस, आणि मग हं, हं. आय थॉट तो तुझा स्वभाव आहे. इट्स अ प्रोसीजर, लाह."

"काहीतरीच बोलू नकोस," नंदा म्हणाली. पण बस येईपर्यंत तिने परत तोंड उघडलं नाही.

नंदाच्या या हं ला मोठा इतिहास आहे. लहानपणी साताऱ्याला तिची आत्या गोष्ट सांगायची, तेव्हा पोरांनी हं म्हणत राहायचं, हा कायदा होता. हं म्हणजे आम्ही जागे आहोत, ऐकतोय, पुढे सांग. हं थांबला की आत्या गोष्ट थांबवायची. नंदा सगळ्यांत शेवटपर्यंत हं म्हणायची, आणि तेवढ्यावर ती आत्याची लाडकी होती. ही सवय घेऊन ती देवस्थळ्यांच्या घरात आली, आणि तिथे तिला गोष्टी सांगणारा नवरा मिळाला. एका दृष्टीने जोडा छान जमला. फक्त एक घोटाळा झाला. रवींद्ररावांच्या कानाला हं म्हणजे हो.

तिने ठाण्याची नोकरी सोडायची, हे तिच्या एका हं वर ठरलं. तेव्हा ती केस वाळवत होती. सिंगापूरला यायचं ठरलं, तेव्हा ती पुऱ्या तळत होती आणि तिला अर्धं ऐकूच आलं नव्हतं. दुसरं मूल नको, श्रियाला अमुक शाळा, गाडी विकायची, सगळं तसंच. रवींद्रराव वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही, आणि प्रत्येक गोष्ट ते बायकोला विचारूनच करत. हे ते चारचौघांत अभिमानाने सांगतही. विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचं असतं, एवढंच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि नंदा म्हणजे "ती", रवींद्रराव म्हणजे "ते". सिंगापुरातल्या त्यांच्या बेडोकच्या घरात व्याकरणसुद्धा आधीच ठरलेलं होतं.

पण त्याच बेडोकात, चार ब्लॉक पलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी होती, आणि तिथे नंदा वेगळी बाई होती. गेली बारा-तेरा वर्षं ती तिथे टीचर नंदा होती. तिथली पोरं दिवसभर एकच प्रश्न विचारत. टीचर, वॉटर प्ले, कॅन? टीचर, टू बिस्किट, कॅन? आणि टीचर नंदा ताठ उभी राहून सांगायची, कॅन. किंवा कॅनॉट. एकदा कॅनॉट म्हटलं की चार वर्षांच्या गुंडालाही ते कळत असे. शाळा सुटल्यावर ती हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जायची, तिथला चहावाला अंकल तिला विचारायचा, गरम की थंड, इथे की बांधून. आणि उत्तर मिळेपर्यंत तो हातात मग धरून उभा राहायचा. नंदाला सिंगापूर का आवडतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने बागा आणि स्वच्छता सांगितलं असतं. खरं कारण तो मग धरून थांबलेला अंकल होता.

तालमीच्या त्या संध्याकाळी रवींद्रराव फोनवर पुण्याला निशिकांतशी, त्यांच्या धाकट्या भावाशी, बोलत होते. नंदा स्वयंपाकघरात होती. रवींद्ररावांचं फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरातच काय, खालच्या मजल्यावरही ऐकू जायचं.

"हो, हो, पक्कं! युगांडाहून आलो की फ्लॅट विकायला काढतो. तुझ्या शेजारचा धरून ठेव तू. नंदाचं? तिचं कधीच ठरलंय!"

नंदाने गॅस बारीक केला आणि बाहेर आली.

"कधी ठरलं?" तिने विचारलं.

"काय?"

"पुण्याला जायचं."

"अगं, कमाल करतेस! परवा तू पालक निवडत होतीस, मी इथे बसून सगळं सविस्तर सांगितलं. निशिकांतच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय, दोघे भाऊ शेजारी शेजारी, तुला जाऊबाईंची सोबत. तू हं म्हणालीस. दोनदा म्हणालीस."

नंदाला पालक आठवला. किडका होता. आणि मागे रवींद्ररावांचा आवाज चालू होता, हेही आठवलं. निशिकांतच्या सोसायटीत काय चाललंय ते सांगतायत, असं तिला वाटलं होतं.  निशिकांतच्या घरी सकाळपासून माणसं येतात, चहा होतो, गप्पा होतात, आणि चहा कोण करतं हे तिने तिथल्या प्रत्येक सुट्टीत पाहिलं होतं. तिथे टीचर नंदा नव्हती, वहिनी होती. आणि इथलं रेसिडेन्सी कार्ड एकदा परत केलं की शाळा संपली, परत यायची वाटही संपली.

"मला वाटतं, जरा विचार..." ती म्हणाली.

"विचार काय करायचा आता?" रवींद्ररावांचा आवाज चढला. तो रागाचा नव्हता, नुसता मोठा होता, पण भिंतींना तो फरक कळत नाही. "मी काय माझ्यासाठी करतोय? इथे आहे कोण आपलं? निवृत्त झाल्यापासून दिवसभर भिंतींशी बोलतो मी! तिथे माणसं आहेत, चार लोक ऐकून घेणारे आहेत. उतारवयात इथे लिफ्टमध्ये अडकून मेलो तर कुणाला पत्ता लागणार नाही!"

नंदा सोफ्याच्या कडेला बसली. तिची नजर लादीवर गेली. घशातून आवाज निघायच्या बेतात होता, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला बुकित बातोकची माती गुडघ्याखाली जाणवली. आपण काय करतोय ते तिला लख्ख दिसलं. दिसलं, आणि तरी आवाज निघालाच.

"हं," ती म्हणाली.

रवींद्रराव शांत झाले आणि बातम्या लावल्या. नंदा आत गेली, गॅस मोठा केला, आणि भाजी ढवळता ढवळता स्वतःवर इतकी चिडली की मीठ दोनदा पडलं.

युगांडाला जाईपर्यंत तिने रोज ठरवलं, आज बोलायचं. रोज काहीतरी व्हायचं आणि मनातलं मनात राहायचं. खरं सांगायचं तर काहीतरी व्हायचं नाही, रवींद्रराव बोलायला लागायचे, एवढंच. दरम्यान जोसलिन नावाची एजंट येऊन फ्लॅटचे फोटो काढून गेली. देवघराचा कोपरा तिला फार छान वाटला.

गोरिलांच्या डोंगरात पहाटेचं धुकं होतं आणि चिखल तर असा की बूट पायात राहायला तयार नव्हते. वाटाड्याचं नाव बेनॉन. तो पुढे कोयत्याने वेली तोडत होता आणि मागून ही आठ माणसं काठ्या टेकत, धापा टाकत, खाजकुईसारख्या पाल्याला शिव्या देत चढत होती. नंदा सगळ्यांत मागे होती, पण ती थकली नव्हती. बालवाडीत दिवसभर उठाबशा काढणाऱ्या बाईला डोंगराचं काय.

आणि मग बेनॉनने हात वर केला. समोरच्या हिरव्या दाटीत काळं काहीतरी हललं. आधी एक पिल्लू दिसलं, मग त्याची आई. ती रानातली जाडी देठं सोलून, आतला गर काढून अगदी सावकाश खात होती. आणि त्यांच्यापलीकडे, इकडे पाठ करून, तो. पाठ एखाद्या दारासारखी रुंद, आणि तिच्यावर चंदेरी केस. सगळे श्वास धरून उभे राहिले. 

बेनॉनने घसा खाकरल्यासारखा आवाज काढला. हं-हं. झाडीतून आईने उत्तर दिलं, हं. लांबून कुठून तरी आणखी एक हं आला. आणि शेवटी त्या रुंद पाठीतून, खोल, जमिनीतून आल्यासारखा, आणखी एक.

नंदा सहसा परक्या माणसाला प्रश्न विचारत नसे. पण तिच्याने राहवेना.

"तो पण म्हणतो?" तिने इंग्रजीत हळूच विचारलं. "मोठा नर पण?"

"म्हणतो तर, ममा," बेनॉन म्हणाला. "सगळेच म्हणतात. या झाडीत कुणी कुणाला दिसत नाही ना. मग एकजण विचारतो, मी इथे आहे, तू आहेस का? दुसरा सांगतो, आहे. त्याने उत्तर दिलं नाही तर कळप कसा राहील?"

नंदा तिथेच थिजली. तिला वाटत होतं, हा आवाज म्हणजे शरण जायचा आवाज. तसा तो नव्हताच. तो मागणारा आवाज होता आणि त्याला उत्तर यायचं असतं. तीस-चाळीस वर्षांत आपण किती वेळा हं म्हणालो आणि पलीकडून कधी एक तरी आला का, हे ती आठवायला लागली.

तेवढ्यात रवींद्रराव पुढे सरकले. त्यांना नराचा चेहरा हवा होता फोटोत. "अरे, तो बघ, वळतोय, वळतोय!" म्हणत त्यांनी सरळ बोट दाखवलं. नर वळला. पुढचं सगळं इतक्या झटक्यात झालं की नंदाला ते तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. छातीवर ढोल वाजल्यासारखा आवाज, झुडपं आडवी, आणि काळा डोंगर अंगावर. रवींद्रराव वळले आणि पळाले. सामान घेऊन आलेल्या हमालाला धडकले, पाय घसरला आणि त्या खाजऱ्या पाल्यात पालथे पडले.

नंदा खाली बसली. नजर खाली. "हं," ती म्हणाली. "हं."

समोरचा आवाज थांबला. तिला त्याचे हात दिसत होते, जमिनीवर टेकलेले, बोटं माणसासारखी, नखं मळकी. त्याचा उग्र वास नाकात भरला. तो तिथे राहिला. आणि मग, अगदी जवळून, तिच्या छातीत घुमेल असा, तो म्हणाला, "हं."

मग तो वळला, एक देठ उपटलं, आणि बसून सोलायला लागला.

नंदाला रडू आलं. भीती नव्हती ती. एवढ्या मोठ्या जनावराने तिला उत्तर दिलं होतं. आहेस ना, आहे मी, असं. मीनलने विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाला डोळ्यांत गेला. रवींद्ररावांच्या गालांवर आणि हातांवर लाल चट्टे उठले होते, आणि तिने पर्समधलं क्रीम काढून त्यांना लावलं. लावताना तिला त्यांची दयाही आली, कारण ते खरंच घाबरले होते.

पण ही दया फार टिकू देतील तर ते रवींद्रराव कसले. दुसऱ्या दिवशी बोटीतून पाणघोडे बघताना ते म्हणाले, मी मुद्दाम पळालो, त्याचं लक्ष नंदावरून उडवायला. दिलीप फक्त खोकला. परतीच्या विमानात शेजारच्या पंजाबी गृहस्थांना त्यांनी सांगितलं, की नंदा उठून पळणार होती, मी तिला हाताने खूण करून बसवलं. आणि बेडोकला पोचेपर्यंत त्यांनी तिला खांदा दाबून खाली बसवलं होतं, वर स्वतः तिच्या आणि गोरिलाच्या मध्ये उभे राहिले होते. लिफ्टमध्ये त्यांनी हे शेजारच्या मलाय बाईंना हातवारे करून सांगितलं. नंदा बाजूला बॅग धरून उभी होती आणि प्रत्येक वाक्याला हं म्हणत होती. आपल्याच हं ने आपलीच गोष्ट खोटी होत चालली आहे, हे तिला समजत होतं, आणि तोंड थांबत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी जोसलिन कागद घेऊन आली. गिऱ्हाईक मिळालं होतं. तरुण जोडपं, घाईत होतं, त्यांना देवघराचा कोपरा लहान मुलाच्या टेबलासाठी हवा होता. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून दोघांच्या सह्या. श्रियाही आली होती आणि खिडकीच्या गजांशी उभी होती.

रवींद्ररावांनी सही करायच्या आधी गोरिलाची गोष्ट काढली. एजंट म्हणजे आयती सापडलेली श्रोती, तिला उठून जाता येत नव्हतं.

"यू नो जोसलिन, सिल्व्हरबॅक! टू हंड्रेड किलो! माय वाइफ वॉज अबाउट टु रन..."

नंदा चहा ओतत होती. तिने हं म्हटलं नाही.

तिने ते ठरवून केलं असं नाही. हं आला होता, घशापर्यंत आला होता. तिने तो गिळला. 

रवींद्रराव थोडे थांबले. "अबाउट टु रन," ते पुन्हा म्हणाले आणि बायकोकडे पाहिलं. "म्हणजे, शी वॉज... काय गं?"

नंदाने कप पुढे केला.  रवींद्ररावांनी गोष्ट तिसऱ्यांदा पकडली, खांदा दाबण्यापर्यंत कशीबशी आणली, आणि मग ती तिथेच अडली. गोरिला धावत आला खरा, पण पुढे त्याचं काय झालं ते त्यांना सांगता येईना. त्यांनी चहाचा घोट घेतला, तोंड भाजलं, आणि ते पेन शोधायला लागले. श्रिया गजांशी वळून उभी राहिली.

"ओके, ओके, सही," ते म्हणाले आणि आपली सही लांबलचक करून टाकली. मग पेन नंदाच्या कपाशेजारी ठेवलं. "कर."

"अंकल, वेट आ," जोसलिन म्हणाली. "आंटीला मी विचारलं पाहिजे. आंटी, यू ओके टु सेल?"

"शी इज ओके," रवींद्रराव म्हणाले. "आय आस्क्ड हर. नंदा, मी तुला विचारलं होतं की नाही? सगळं सांगितलं होतं की नाही?"

"हं," नंदा म्हणाली.

निघालाच.  निशिकांतचं घर, चहाचं मोठं पातेलं, सकाळपासूनची माणसं, वहिनी जरा आलं जास्त टाका, सगळं एका अक्षरात समोर उभं राहिलं. हे दार आपण आपल्या हाताने लावून घेतो, दर वेळी, आणि किल्लीही आपणच देतो, असं तिला वाटलं, आणि इतका संताप आला की कानशिलं तापली.

जोसलिनने कपाळाला आठ्या घातल्या. तिला हे उत्तर कळलंच नव्हतं.

"आंटी, हं इज वॉट? येस ऑर नो?" तिने पेन उचलून हातात धरलं आणि थांबली. चहावाल्या अंकलसारखीच थांबली. "कॅन ऑर कॅनॉट?"

आणि तो प्रश्न नंदाला ओळखीचा होता. रोज पन्नास वेळा तो तिला विचारला जात होता. ती खुर्चीवरून उठली, बालवाडीत उठते तशी, दोन्ही हात ओच्याला पुसले.

"कॅनॉट," टीचर नंदा म्हणाली.

"ओह," जोसलिन म्हणाली. तिने कागद गोळा केले, रवींद्ररावांची सही वर आली ती उलटी करून ठेवली. "अंकल, आंटी डोन्ट साइन, आय कॅनॉट डू एनीथिंग आ. यू ऑल टॉक फर्स्ट." आणि चहा अर्धा टाकून ती निघून गेली. बिचारीची गाडीही खाली लोडिंग बेमध्ये, माल उतरवायच्या जागेत, दंडाच्या धाकाखाली उभी होती.

दार लागल्याबरोबर रवींद्रराव उभे राहिले.

"काय चाललंय काय तुझं? परक्या बाईसमोर! निशिकांतला मी काय तोंड दाखवू? तूच हं म्हणालीस, पालक निवडताना म्हणालीस, आत्ता म्हणालीस, आणि वर...! माझी काही किंमत आहे की नाही या घरात?"

ते बोलत बोलत टेबलाला वळसा घालून पुढे आले. आवाज चढला, हात वर गेले, चेहऱ्यावरचे चट्टे पुन्हा लाल झाले. नंदाच्या गुडघ्यांना खाली बसायचं होतं. तिने टेबलाची कड धरली आणि गुडघ्यांना सांगितलं, कॅनॉट. मग उल्हासने जे करायचं नाही म्हणून बजावलं होतं ते तिने केलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

ते थांबले. दोन पावलं अलीकडे. जवळून त्यांचे डोळे पाणावलेले दिसत होते आणि ते त्या डोंगरातल्यासारखेच घाबरलेले होते. इतकी वर्षं त्या आवाजासमोर तिने मान खाली घातली होती, म्हणून हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "आता मी सांगते. तुम्ही ऐका."

ते बसले. मग नंदाही समोर बसली. श्रियाने पंखा कमी केला.

"गोरिला आला तेव्हा तुम्ही पळालात," नंदा म्हणाली. "मी बसले. त्याचं मला काही नाही, घाबरतं माणूस. पण ते तसं झालं. आणि मी पालक निवडताना हं म्हणाले, ते ऐकते आहे म्हणून म्हणाले. ठाण्याची नोकरी सोडताना पण तसंच म्हणाले होते. माझ्या हं चा अर्थ तुम्ही कधी मला विचारला नाहीत, आणि मीही कधी सांगितला नाही. आता सांगते. मला इथे राहायचंय. शाळा मला ठेवून घेते आहे. तुम्हाला भाऊ हवा, गप्पा हव्यात, ते मला कळतं. तुम्ही जा, दोन महिने राहा, चार महिने राहा, कंटाळा आला की या. फ्लॅट विकायचा नाही. मी इथे आहे."

एवढं सलग ती त्या घरात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला धाप लागली. ती उत्तराची वाट बघू लागली.

रवींद्रराव टेबलाकडे बघत होते. जोसलिनच्या कपाखालचं ओलं वर्तुळ ते बोटाने पुसत राहिले. खालून पोरांचा गलका येत होता.  मग त्यांचा घसा हलला, आणि खोलवरून, कधी न वापरलेला, गंज चढलेला एक आवाज आला.

"हं," ते म्हणाले.

नंदाचे डोळे भरून आले. आपण जन्मभर जे मागत होतो ते हेच, असं तिला वाटलं, आणि क्षणभर तिला उठून त्यांच्यासाठी ताजा चहा टाकावासा वाटला. पण या एका अक्षरावर तिने उभं आयुष्य काढलं होतं. त्यात काय काय मावतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती उठली नाही.

"हं म्हणजे काय?" तिने विचारलं. "कॅन, की कॅनॉट?"